सातवी, तुकडी अभिरूप

पदवीदान समारंभाला तीन दिवस उरले असताना आपण अजून शिक्षिका झालेलोच नाही, ही बातमी भिंगरीला महाविद्यालयाच्या कारकुनाने दिली. तीही पेन्सिलीने. तिच्या पाठवहीच्या शेवटच्या पानावर त्याने बारीक अक्षरात 'एकोणीस' लिहिलं, त्याला गोल केला आणि वही खिडकीतून बाहेर सरकवली.

"वीस आहेत," भिंगरी म्हणाली.

"एकोणीस ग्राह्य," कारकून म्हणाला.

शिक्षक व्हायचं तर खऱ्याखुऱ्या शाळेत, खऱ्याखुऱ्या मुलांपुढे वर्षभरात वीस पाठ घ्यावे लागतात. मागच्या बाकावर एक निरीक्षक बसतो, पाठ संपला की वहीत सही करतो. वीस सह्या झाल्या की माणूस शिक्षक. एकोणीस झाल्या तर तो नुसता बडबड्या माणूस. भिंगरीने हे वीस पाठ ज्या शाळेत घेतले ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होती. एक बस, मग दुसरी बस, मग रुळांवरचा पादचारी पूल, मग वीस मिनिटं चाल. तिथून दुपारी महाविद्यालय, तिथून संध्याकाळी दोन घरच्या शिकवण्या, आणि मध्ये आईला दातांच्या डॉक्टरकडे नेणं. घरातले तिला भिंगरी म्हणत ते काही उगाच नाही. तिचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं.

तर एका मंगळवारी तिच्या मैत्रिणीचा घसा बसला आणि मैत्रिणीचा तास रिकामा पडला. भिंगरीचे दोन पाठ झालेच होते. तिने तिसराही घेऊन टाकला. एक अख्खी खेप वाचली! त्या आनंदात ती परतीच्या बसमध्ये इतकी गाढ झोपली की तीन थांबे पुढे जाऊन उतरली आणि वाचलेली खेप तिथेच पायी फेडली.

"नियम अकरा," कारकून म्हणाला. "एका दिवसात दोनच पाठ. तिसऱ्या पाठाला शिक्षक दमलेला असतो."

"पण मी दमले नव्हते."

"तुम्ही नसाल दमल्या. नियम तुम्हाला दमलेल्या धरतो."

"मग हे तुम्ही मला आत्ता सांगता? रविवारी समारंभ आहे!"

"आत्ता मोजले, आत्ता सांगितलं. उद्या पाच वाजता यादी बंद होते. पाचच्या आत विसावा पाठ आणा."

आणा म्हणे, जसा काही तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. शाळांना सुट्टी लागून आठवडा झाला होता. सगळ्या शहरात सातवीचं एक मूल वर्गात बसलेलं सापडलं नसतं. हे भिंगरीने सांगताच कारकुनाच्या चेहऱ्यावर प्रथमच थोडं चैतन्य आलं. ज्याला नियम पाठ असतात त्याला ते म्हणून दाखवायची संधी फार क्वचित मिळते.

"नियम चौदा. शाळा बंद असल्यास अभिरूप वर्ग. म्हणजे मोठ्या माणसांनी लहान मुलं असल्यासारखं बसायचं. किमान पंधरा. एक कमी नको. वर्गखोली, फळा, हजेरी, घंटा, आणि पस्तीस मिनिटांचा तास. अर्ज दोन प्रतींत."

अभिरूप वर्गात एरवी सोबतचे विद्यार्थीच बसतात. भिंगरीने तिथेच पायरीवर बसून अकरा जणांना फोन लावले. सात जण गावी गेले होते, दोघे समारंभाचे झगे आणायला रांगेत उभे होते, एकीने 'हो हो' म्हणून फोन ठेवला आणि मग बंदच केला. घसा बसलेल्या मैत्रिणीने मात्र मनापासून दिलगिरी व्यक्त केली. तिचा घसा आता खणखणीत होता.

भिंगरी घरी आली तेव्हा दारात चपलांचे चोवीस नग पडले होते.

हे पाहुणे. समारंभ रविवारी, आणि ते आले होते बुधवारीच, कारण बाबांनी बोलावणंच तसं केलं होतं. बाबा एका मोठ्या गोदामाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले होते, पण प्रमुखपण काही निवृत्त झालं नव्हतं. कपाट कुठे ठेवावं, सरकारने काय करावं, डॉक्टरचं कुठे चुकलं, यातलं काहीही त्यांना माहीत नाही असं कधी झालं नाही. 'ठाऊक आहे मला,' हे त्यांचं आवडतं वाक्य. मुलगी शिक्षिका होणार म्हटल्यावर त्यांनी बारा नातेवाइकांना फोन करून बोलावलं होतं, रविवारसाठी छोटी बस ठरवली होती, नवं जाकीट शिवून घेतलं होतं, आणि आत्ता बाहेरच्या खोलीत ते पाहुण्यांकडून टाळ्यांची तालीम करून घेत होते.

"नाव पुकारलं की आधी मी उठणार. मग थोरला दादा. मग बाकीचे. टाळ्या दादा बसेपर्यंत. कळलं?"

"आणि मी बसलोच नाही तर?" मोठे काका म्हणाले. ते बाबांचे थोरले भाऊ, वजनाने हलके आणि शंकांनी भारी.

भिंगरीने स्वयंपाकघरात जाऊन आईच्या कानात सगळं सांगितलं. आईच्या हातातलं झाकण पडलं. त्या आवाजाने आत्या आत आली. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, अंगाने ऐसपैस, आवाजाने त्याहून ऐसपैस, आणि तिला कुजबुजत बोलायला कुणी शिकवलेलंच नव्हतं.

"म्हणजे पोरगी नापास?" आत्या कुजबुजली, आणि बाहेरची टाळ्यांची तालीम थांबली.

बाबा दारात आले. भिंगरीने त्यांच्याकडे न बघता एका दमात सांगून टाकलं: नियम अकरा, नियम चौदा, पाच वाजता. बाबांना काही बोलायला सुचत नाही हे घराने प्रथमच पाहिलं आणि सगळे घाबरले.

"मी गल्लीभर सांगितलंय," ते शेवटी म्हणाले. "पोस्टमनलासुद्धा."

भिंगरीला रडू आलं. पदवी गेली असती तर तिला वाईट वाटलं असतं, पण पोस्टमनपुढे बाबांची मान खाली जाईल या विचाराने तिचा जीव कासावीस झाला. आणि नेमका त्याच क्षणी आत्याने चष्मा पुसून खोलीतली माणसं मोजायला सुरुवात केली.

"आपण बारा. वहिनी तेरा. पंधरा लागतात ना? अगं, मग रडतेस काय! आम्ही बसतो की सातवीत!"

त्यानंतर घरात जे झालं त्याला जल्लोष हाच शब्द. चाळीस-चाळीस वर्षं कुणी काही शिकवलं नव्हतं अशी ती माणसं. मोठ्या काकांनी मागचा बाक आधीच राखून ठेवला. दोन मावश्या खिडकीशेजारच्या जागेवरून तिथल्या तिथे भांडल्या. शेजारच्या काकू आरडाओरडा ऐकून आल्या आणि आपण आणि आपले यजमान असे दोघे येतो म्हणाल्या. तेरा आणि दोन पंधरा. बाबांची गरजच पडली नाही. तरी आईने त्यांना विचारलं.

"मी?" बाबा म्हणाले. "मी माझ्या पोरीचा विद्यार्थी होऊ? बाकावर बसू? बोट वर करू?"

"बोट नका करू वर. नुसते बसा."

"घंटा लागते ना? घंटा मी वाजवीन. ती जबाबदारीची गोष्ट आहे."

शेजारच्या काकू नुसत्या येणार नव्हत्या, सल्ला घेऊन येणार होत्या. भिंगरीचा विषय होता विज्ञान, घटक होता तरफ. तिने एक पट्टी, टेकू म्हणून एक पेन्सिल आणि उचलायला एक खोडरबर असं सुटसुटीत साहित्य काढलं होतं. काकूंनी ते पाहिलं आणि त्यांना भिंगरीची कीव आली.

"मागच्या बाकाला हे दिसणार आहे का? साहित्य कसं, डोळ्यांत भरलं पाहिजे. फळी आण फळी. सुताराकडे पडून असते."

सुताराने फळी दिली. ती भिंगरीहून दीडपट लांब निघाली. सुतार म्हणाला छोटी आहे पण ती चिरलेली आहे, ही घ्या, हिच्यावर हत्ती उभा राहील. टेकू म्हणून त्याने एक लाकडी ठोकळा दिला आणि ठोकळ्याबरोबर त्याच्या मते शिक्षणात काय काय चुकतंय तेही दिलं. त्यात अर्धा तास गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ही वरात निघाली. छोटी बस रविवारची ठरली होती, ती शुक्रवारी यायला तयार नव्हती. त्यामुळे नेहमीचीच बस. पुढे भिंगरी, मागे दोन-दोनच्या रांगेत पंधरा जण, कारण आत्या म्हणाली की आत्तापासून सवय हवी. सगळ्यात मागे बाबा, नव्या जाकिटात, आपण यांच्याबरोबर नाही असं चालत.

कंडक्टरने आधी फळीकडे पाहिलं, मग माणसांकडे.

"ही सामानात येते. वर चढवायची नाही."

"हे शैक्षणिक साहित्य आहे," भिंगरी म्हणाली.

"कोणाचं?"

"आमचं," आत्या म्हणाली. "इयत्ता सातवी."

कंडक्टर बाजूला झाला. वेड्यांशी वाद घालू नये एवढं प्रशिक्षण त्यालाही मिळालं असावं. फळी आडवी मावेना, तिरपी मावेना. शेवटी ती मधल्या वाटेत उभी केली आणि चौघांनी तिला खांबासारखं धरलं. वळणावर ते चौघे एकदम डावीकडे जात आणि एकदम उजवीकडे येत. तिसऱ्या थांब्यावर एका परक्या गृहस्थांनी दांडा समजून तिला धरलं आणि उतरायचं ठिकाण येईपर्यंत ते फार विश्वासाने तिच्याबरोबर डुलत राहिले.

महाविद्यालयात पोचले तेव्हा सव्वादोन झाले होते. पाठ तीनला. अर्जावर प्राचार्यांची सही हवी होती आणि प्राचार्य समारंभाच्या मंडपात खुर्च्यांच्या रांगा सरळ आहेत का ते दोरी लावून बघत होते. त्यांनी अर्ज न वाचता सही केली, फक्त फळीकडे बघून, "ही स्टेजला लागेल का?" असं विचारलं. भिंगरीने फळीला घट्ट मिठी मारली.

मग कारकुनाची खिडकी. विद्यार्थ्यांची यादी भरायची होती. क्रमांक, नाव, इयत्ता, वय. वयाच्या रकान्यापाशी सगळं अडलं. आत्याने भाचीच्या पदवीसाठी काय वाटेल ते केलं असतं, पण वय सांगितलं नसतं.

"अभिरूप ना?" ती म्हणाली. "मग वयही अभिरूप." आणि तिने बारा लिहिलं. तिचं पाहून सगळ्यांनी बारा लिहिलं. मोठ्या काकांनी साडेबारा लिहिलं, कारण ते थोरले.

कारकून नुसता पेन्सिलीने यादीवरून उतरत गेला आणि शेजारच्या काकूंच्या नावाशी थांबला. तिथे काकूंनी कौतुकाने, कुणी न विचारता, कंसात 'निवृत्त मुख्याध्यापिका' असं लिहिलं होतं.

"ह्या बाई चालणार नाहीत. नियम चौदाचा पोटनियम. अभिरूप वर्गात शिक्षक होऊ घातलेला चालतो. झालेला चालत नाही."

"का?" काकूंचा आवाज चढला.

"झालेले शिक्षक ऐकून घेत नाहीत."

हे इतकं खरं होतं की काकूंनीसुद्धा नकळत मान डोलावली. पण चौदा उरले. तीनला दहा मिनिटं होती. भिंगरीने व्हरांड्यात इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. शिपाई मंडपात, माळी मंडपात. मग ती थांबली, कारण तिच्यामागे सगळी सातवी थांबली होती आणि एकाच दिशेने बघत होती.

बाबा घंटा घेऊन उभे होते. पितळी, लाकडी मुठीची, कार्यालयातून नोंदवहीत सही करून घेतलेली. ती त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

"घंटा द्या माझ्याकडे," काकू म्हणाल्या. "मी वाजवते. तुम्ही बसा."

"घंटेसाठी सही माझी आहे," बाबा म्हणाले.

"बाबा," भिंगरी म्हणाली. तिला माणूस हवा होता, बाबांकडे मान होता, आणि मान मागून घेणं तिला जमेना.

बाबांनी यादी घेतली. क्रमांक पंधरा पुढे नाव लिहिलं, इयत्तेपुढे सातवी लिहिलं. वयाच्या रकान्यात खरं वय लिहिलं. मग घंटेसकट वर्गात जाऊन पहिल्या बाकावर बसले, कारण दुसरी जागाच उरली नव्हती.

निरीक्षक म्हणून टाचणसर आले होते. पाठ कसा घ्यायचा याचा आधी लिहून काढायचा आराखडा म्हणजे टाचण. सर त्यात इतके कडक की दुकानात जातानाही ते उद्दिष्टे लिहून जातात असं विद्यार्थी म्हणत. त्यांनी वर्गावरून नजर फिरवली. आत्यावर ती जरा रेंगाळली. मग ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले, पेन उघडलं आणि बाबांना म्हणाले, "तास सुरू झाल्याची घंटा?"

बाबांनी बसल्या जागी घंटा वाजवली आणि मांडीवर ठेवली.

सुरुवात तर छान झाली. भिंगरीने हजेरी घेतली. प्रत्येकाने 'हजर' म्हटलं, आत्याने दोनदा म्हटलं. फळ्यावर घटकाचं नाव लिहिलं. प्रस्तावनेचे तीन प्रश्न विचारायचे होते. पहिल्याच प्रश्नाला बारा बोटं वर झाली, आणि तिच्या लक्षात आलं की ही मोठी माणसं लहान झालेली नाहीत, ती फक्त मोकळी सुटली आहेत. एक मावशी दुसरीच्या वहीत बघत होती. वहीत काही नव्हतं तरी दुसरी हाताने झाकत होती. शेजारच्या काकांनी मागून कुणाच्या तरी पाठीवर खडूने फुली मारली. आईने बोट वर करून, शाळेत तिने कधी मागितली नसेल इतक्या नम्रपणे, पाणी प्यायला जायची परवानगी मागितली. आणि खिडकीबाहेर शेजारच्या काकू उभ्या राहून हातवारे करत होत्या: मोठ्याने, मोठ्याने, फळ्याकडे पाठ नको.

"काका, तुम्ही पुढे या," भिंगरी म्हणाली.

कोपऱ्यातून खोकला आला. "विद्यार्थ्याला तुम्ही? अभिरूप म्हणजे अभिरूप, बाई. तू म्हणा."

भिंगरीने खडू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "अं... तू... तू पुढे ये. उभा राहा इथे."

मोठे काका इतके खूष झाले की उडीच मारून आले. सत्तरीच्या माणसाला तू म्हणणारं कुणी राहिलेलं नसतं.

फळी ठोकळ्यावर ठेवली होती, टेकू एका टोकाच्या जवळ. आखूड टोकावर भार. भार म्हणून टाचणात 'जड वस्तू' लिहिलं होतं, पण वर्गात जड वस्तू एकच होती आणि ती आपणहून उठून आली. आत्या फळीवर चढली. लांब टोकावर मोठ्या काकांनी दोन्ही हात ठेवले आणि सगळा जोर लावून खाली दाबलं. सगळ्या जोराची गरजच नव्हती. आत्या वर गेली.

"अगं बाई!" आत्या म्हणाली. "दादाने मला उचललं!"

वर्गात टाळ्यांचा कडकडाट झाला. रविवारची तालीम इथे कामाला आली. आत्याने वरून सगळ्यांना हात केला. मोठ्या काकांनाही तो करावासा वाटला आणि त्यांनी एक हात सोडला, मग दुसराही. आत्या खाली आली तो आवाज मंडपापर्यंत गेला. फळीला काही झालं नाही, सुताराने हत्तीची हमी दिलीच होती. आत्यालाही काही झालं नाही. ती म्हणाली, "परत!"

भिंगरीने घड्याळ पाहिलं. तेवीस मिनिटं. ती टाचणाच्या पुढे धावत होती. "तर मुलांनो, टेकू भाराच्या जवळ असला की कमी बलाने जास्त भार उचलता येतो. समजलं?"

"हो!" सगळे ओरडले.

"नाही," बाबा म्हणाले.

बाबांनी 'समजलं नाही' असं कधी म्हटल्याचं बायकोलाही आठवत नव्हतं. त्यांनी बोट वर केलं नव्हतं, त्यांचे हात घंटेवर होते.

"जवळ टेकू लावला की जड खोकं उचललं जातं, हे ठाऊक आहे मला. पहारीने मी आयुष्यभर खोकी हलवली. पण का? आत्या एवढी, दादा तेवढा. दादाकडे एवढा जोर नाहीच. मग उरलेला जोर येतो कुठून?"

"हे टाचणात नाही," सर कोपऱ्यातून म्हणाले. "सातवीत बलगुणक शिकवतात, म्हणजे बल किती पट होतं ते, तेवढंच विचारायचं. शाळेत केलं असेलच तुम्ही, आठवून बघा."

"सातवीत मी गेलो नाही," बाबा म्हणाले. "सहावीनंतर कामाला लागलो."

भिंगरीच्या हातातला खडू तसाच राहिला. हे तिला ठाऊक नव्हतं. घरात बाबांच्या शिक्षणाचा विषय कधी निघाला नव्हता, आणि ज्याला सगळंच ठाऊक आहे त्याला कोण विचारणार? आत्याने मान खाली घातली. तिची स्वतःची शाळा पुरी झाली होती, ती कोणाच्या जिवावर हे तिला ठाऊक होतं.

टाचणात आता फलकलेखन होतं, मग मूल्यमापन, मग गृहपाठ. बारा मिनिटं उरली होती. यातली एक पायरी जरी राहिली तर पाठ अपूर्ण, आणि अपूर्ण पाठाला सही नसते. हे भिंगरीला पाठ होतं. तिने टाचणाची वही मिटली आणि टेबलावर ठेवली.

"जोर कुठूनच येत नाही, बाबा," ती म्हणाली. "काका, परत दाब. हळू. आत्या किती वर गेली? वीतभर. आणि काकांचे हात किती खाली आले?"

बाबा बाकावरून वाकून बघू लागले. "पुन्हा," ते म्हणाले. पुन्हा केलं. तिने खडूने भिंतीवर खुणा केल्या, आत्याच्या चपलेपाशी एक, काकांच्या हातापाशी एक. टेकू सरकवला, पुन्हा मोजलं. आत्या सहा वेळा वर गेली आणि प्रत्येक वेळी तितकीच आनंदली. सगळा वर्ग जागा सोडून फळीभोवती जमला होता, मावश्या वितींनी मोजत होत्या, आई आकडे सांगत होती, खिडकीतून काकू हातवारे विसरून नुसत्या बघत होत्या. भिंगरी जमिनीवर गुडघे टेकून बसली होती, केसांत खडू, आणि आपण कुठला तरी विसावा पाठ देतोय हे तिच्या डोक्यातून साफ गेलं होतं. तिला एवढंच हवं होतं की बाबांना कळावं.

भान आलं तेव्हा सर उभे होते, हातातल्या घड्याळाकडे बघत. पावणेचार होत आले होते.

"तास संपून दहा मिनिटं झाली," सर म्हणाले.

"घंटा झाली नाही," बाबा म्हणाले.

"वाजवली का नाही?"

"मला कळलं नव्हतं अजून."

सर नियमाचा माणूस. तास पस्तीस मिनिटांचा असतो हा नियम, आणि तास घंटेने संपतो हाही नियमच. दोन नियम समोरासमोर आले की सरांच्या कपाळावर एक शीर उठायची, ती उठली. मग ते खुर्चीत बसले.

"मूल्यमापन राहिलंय," ते म्हणाले. "एक प्रश्न मी विचारतो. क्रमांक पंधरा."

बाबा उभे राहिले. घंटेची जीभ त्यांनी आतून बोटाने धरली होती.

"तुमचाच प्रश्न. उरलेला जोर कुठून येतो?"

सगळी सातवी श्वास रोखून उभी होती. आत्याच्या ओठांवर उत्तर आलं होतं, मोठ्या काकांनी तिच्या पायावर पाय दिला.

"येत नाही," बाबा म्हणाले. "जोर कमी लावला की हात जास्त लांब न्यावा लागतो. इथे वाचलं ते तिथे द्यावं लागतं. फुकट काही नाही." ते थांबले. "एवढी वर्षं मला वाटायचं पहारीत काहीतरी जादू आहे. कुणाला विचारायची लाज वाटायची."

सरांनी पाठवही ओढली. भिंगरी गडबडीने म्हणाली, "गृहपाठ! घरी जाऊन तरफेची तीन उदाहरणं लिहून आणा," आणि सर न बघता लिहीतच राहिले. काय लिहिलं ते तिने नंतर वाचलं: 'टाचण सोडले. वेळ पाळली नाही. विद्यार्थ्याने विचारले, विद्यार्थ्याला कळले. पाठ मान्य.' आणि खाली सही, पहिल्या एकोणीस सह्यांपेक्षा किंचित मोठी.

सही झालेली दिसताच वर्ग फुटला. आत्या धावली, मावश्या धावल्या, शेजारच्या काकू खिडकीतूनच आत यायला बघत होत्या. आई एका बाकावर बसून हसत होती आणि डोळे पुसत होती. मोठे काका फळीवर चढून आता मला उचला म्हणत होते. "घंटा!" सगळे ओरडले. "अहो, घंटा वाजवा की! पाचच्या आत वही द्यायचीय!"

बाबा वाजवेनात. ते पहिल्या बाकापाशी ताठ उभेच होते, नव्या जाकिटाची बटणं लावलेली, हात बाजूला. ते कुणाकडेच बघत नव्हते, फक्त तिच्याकडे बघत होते. मग भिंगरीला कळलं की ते कशाची वाट बघताहेत.

"बाई," बाबा म्हणाले, "बसू का?"

गलका थांबला. भिंगरीने फळ्याचा आधार घेतला. सर तिच्याकडे बघत होते, विद्यार्थ्याला काय म्हणायचं ते त्यांनी सांगितलेलंच होतं.

"बसा," ती म्हणाली.

सरांनी पेन उघडलं, क्षणभर वहीवर धरलं, आणि काही न लिहिता बंद करून खिशात ठेवलं.

बाबा बसले. नीट, पाठ सरळ करून. आणि मग त्यांनी घंटा वाजवली.